भोवळ आली हे सांगता, पण त्याआधी काय वाटलं? निदानाची किल्ली त्या अर्ध्या मिनिटात

निंबर्गा (ता. आळंद) : ‘चक्कर येऊन पडला.’ गावात कुणी अचानक कोसळलं की घरापासून दवाखान्यापर्यंत एवढंच वाक्य जातं. दवाखान्यात पोचेपर्यंत माणूस शुद्धीवर आलेला असतो. बीपी बरोबर, साखर बरोबर, एक सलाईन लावली जाते आणि माणूस संध्याकाळी घरी. महिन्याभराने पुन्हा तेच. मग कुणी म्हणतं अशक्तपणा, कुणी म्हणतं फिट, कुणी म्हणतं बाहेरचं काहीतरी आहे.

यात एक प्रश्न बहुतेक वेळा विचारायचाच राहून जातो आणि रुग्णही आपणहून सांगत नाही. पडण्याच्या आधी नेमकं काय वाटलं? कान बंद झाले का? जळका वास आला का? छातीत धडधडलं का? की काहीच कळलं नाही आणि थेट जमिनीवर? या चार उत्तरांचे रस्ते चार वेगळ्या ठिकाणी जातात. एक साध्या भोवळीकडे, एक मेंदूकडे आणि दोन हृदयाकडे. मोठ्या माणसांच्या भोवळीचं निदान महागड्या मशीनआधी याच माहितीवर होतं. पण विचित्र वाटलेलं सांगायला माणूस लाजतो आणि तिथेच गाडी चुकते.

राहुरीत पडले, सोलापुरात बसले

सर्वांनी टीव्हीवर पाहिलेलं उदाहरण घेऊ. ७ डिसेंबर २०१८ रोजी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात दीक्षांत समारंभ सुरू होता. राष्ट्रगीताला उभे असताना केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांना भोवळ आली आणि ते कोसळले. शेजारी उभे असलेले तत्कालीन राज्यपाल सी. विद्यासागर राव यांनी त्यांना सावरलं. साखर कमी झाल्याने त्रास झाला, आता बरा आहे, असं गडकरी यांनी नंतर स्वतःच कळवलं.

पुढच्या वर्षी, १ ऑगस्ट २०१९ रोजी सोलापूर विद्यापीठाच्या कार्यक्रमात राष्ट्रगीताच्या वेळीच त्यांना पुन्हा अस्वस्थ वाटू लागलं. या वेळी ते खाली बसले, पडले नाहीत. २४ एप्रिल २०२४ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या प्रचारसभेत भर उन्हात बोलताना त्यांना भोवळ आली. थोड्या वेळाने परत येऊन त्यांनी भाषण पूर्ण केलं. उन्हामुळे अस्वस्थ वाटल्याचं त्यांनी सांगितलं.

त्यांच्या प्रकृतीचं निदान करणं हा इथला विषय नाही, ते त्यांचे डॉक्टर पाहतील. पण दोन गोष्टी कुणालाही दिसतात. एक, उभं राहणं, गर्दी, जड कपडे, ऊन, रिकामं पोट ही भोवळीची ठरलेली ठिकाणं आहेत. दोन, इशारा ओळखून वेळेत खाली बसलेला माणूस डोकं फोडून घेत नाही. गाणगापूरच्या पालखीला, पंढरपूरच्या दर्शनरांगेत किंवा शरणबसवेश्वरांच्या जत्रेत तासन्‌तास उभे राहणारे भाविक कोसळतात, तेव्हा बहुतेकांच्या बाबतीत हेच घडत असतं.

‘मूर्च्छा’ एक, अर्थ दोन

सीमाभागात आणखी एक अडचण आहे, ती भाषेची. मराठीत ‘मूर्च्छा आली’ म्हणजे शुद्ध हरपली, एवढाच अर्थ. कन्नडमध्ये ‘मूर्छे होदरु’ म्हटलं तर बेशुद्ध झाले असाच अर्थ होतो, पण ‘मूर्छे रोग’ म्हणजे चक्क फेफरे, मिरगी. निंबर्ग्याचा मराठी बोलणारा माणूस कलबुर्गीच्या ओपीडीत ‘मूर्च्छेचा त्रास आहे’ म्हणाला, तर समोरच्याच्या कानावर कधी कधी ‘फिटचा आजार आहे’ असं पडू शकतं. केसपेपरवर एकदा तो शब्द चढला की पुढचा प्रत्येक डॉक्टर तिथूनच सुरुवात करतो.

‘चक्कर’ हा शब्दही असाच ढिला. घर गरगर फिरल्यासारखं वाटणं ही एक गोष्ट, ती बऱ्याचदा कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाची असते. कन्नडमध्ये त्याला ‘तले सुत्तु’ म्हणतात. डोळ्यांपुढे अंधारी येणं ही दुसरी. आणि खरोखर शुद्ध जाणं ही तिसरी, त्याला ‘प्रज्ञे तप्पितु’. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावं की गरगरलं, अंधारी आली, की शुद्धच गेली. शब्द सापडत नसेल तर नुसतं जसं घडलं तसं सांगावं. रोगाचं नाव आपण ठेवू नये, ते काम डॉक्टरांचं.

सहा ते आठ सेकंद

मेंदूला रक्त सतत लागतं. ते अचानक बंद पडलं तर सहा ते आठ सेकंदांत शुद्ध जाते. भोवळ म्हणजे हेच. रक्तदाब एकदम घसरला किंवा हृदयाचे ठोके फार मंदावले वा फार वाढले, की मेंदूपर्यंत रक्त पोचत नाही. माणूस आडवा पडला की रक्त पुन्हा डोक्याकडे जातं आणि साधारण अर्ध्या मिनिटात डोळे उघडतात.

फिटचं तसं नाही. तिथे रक्त पुरेसं असतं, पण मेंदूतल्या पेशी एकाच वेळी भलतेच विद्युत संदेश सोडू लागतात. झटका बहुधा एक-दोन मिनिटं चालतो आणि नंतर बराच वेळ माणूस गोंधळलेला राहतो. आपण कुठे आहोत, समोर कोण आहे, हे त्याला उमगत नाही. म्हणजे बाहेरून दोन्ही ‘पडणं’ सारखंच दिसलं तरी आतली यंत्रणा अगदी वेगळी आहे आणि औषधही वेगळं.

समजा, तुरीच्या राशीवर काम करणारे पन्नाशीतले दोघे एकाच आठवड्यात कोसळले. पहिला सांगतो, ‘उन्हात उभा होतो, पोटात ढवळलं, कान बधिर झाले, घाम फुटला, मग काही आठवत नाही.’ दुसरा सांगतो, ‘बसून चहा पीत होतो, छातीत फडफड झाली, दुसऱ्या क्षणी खाली.’ पहिल्याला पाणी, सावली आणि चार सूचना पुरतील. दुसऱ्याला त्याच दिवशी ईसीजी हवा. दोघांनीही नुसतं ‘चक्कर आली’ म्हटलं तर दोघांनाही सारखीच सलाईन लागणार.

साध्या भोवळीचे इशारे

सर्वांत जास्त आढळते ती साधी भोवळ. वैद्यकात तिला ‘व्हॅसोव्हेगल’ म्हणतात. ‘व्हेगस’ नावाची मज्जा हृदयाचा वेग कमी करते, त्याच वेळी पायातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्त खाली साचतं. बराच वेळ उभं राहणं, ऊन, रक्त पाहणं, इंजेक्शन, तीव्र वेदना, वाईट बातमी ही कारणं.

तिचे इशारे सहसा ठरलेले असतात. मळमळ, घाम, चेहरा पांढराफटक पडणं, लागोपाठ जांभया, नजर अरुंद होत जाणं. काहींना मात्र हे विचित्र वाटतं. माणसांचे आवाज विहिरीतून आल्यासारखे दूर जातात, कानात शिट्टी वाजते, रंग उडालेले दिसतात, एकदम संडासला लागल्यासारखं होतं. यातलं बरंचसं डोळे, कान आणि आतड्यांचा रक्तपुरवठा व मज्जासंस्था बदलल्याने होतं. घाबरण्यासारखं नाही, पण सांगण्यासारखं नक्की आहे.

उठून उभं राहिल्यावर येणारी भोवळ ही जवळची बहीण. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० ने उतरला, तर तिचं निदान होतं. तिचा एक कमी ओळखला जाणारा इशारा म्हणजे उभं असताना मानेत आणि दोन्ही खांद्यांत ओढल्यासारखं दुखणं, जे आडवं झाल्यावर थांबतं. म्हातारी माणसं याला ‘मान धरली’ म्हणतात आणि बाम लावून मोकळी होतात.

काही जण ठरावीक कामाच्या वेळीच कोसळतात. रात्री उठून लघवीला उभं राहिल्यावर, जोरात खोकल्यावर, शौचाला जोर केल्यावर, क्वचित घास गिळताना. ‘रात्री मोरीत पडले’ असं सांगताना लघवीच्या आधी पडले, करताना की नंतर, हेही सांगावं.

जळका वास, आधी घडल्याचा भास

आता ते इशारे, जे लोक सर्वांत जास्त लपवतात. आजूबाजूला काही जळत नसताना जळका किंवा घाणेरडा वास येतो. तोंडात लोखंड चाटल्यासारखी चव येते. पोटातून काहीतरी वर छातीकडे, गळ्याकडे चढत येतं. कारण नसताना भीतीची लाट येते. समोरचा प्रसंग आधी हुबेहूब घडून गेलाय असं वाटतं किंवा ओळखीचं घर अनोळखी वाटतं. हे काही सेकंद ते मिनिटभर चालतं. कधी तेवढ्यावर थांबतं, कधी पुढे शुद्ध जाते.

हे ऐकून घरचे देवऋषी शोधतात. प्रत्यक्षात कानाच्या वरच्या बाजूला, कवटीच्या आत असलेल्या मेंदूच्या भागातून सुरू होणारा हा छोटा झटका असू शकतो. वास, आठवण आणि भीती यांची कामं त्याच भागात चालतात, म्हणून झटक्याची सुरुवात वासाने, आठवणीने किंवा भीतीने होते. लंडनचे मज्जातज्ज्ञ जॉन ह्युलिंग्ज जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच याला ‘स्वप्नवत अवस्था’ म्हटलं होतं. त्यांचा एक रुग्ण स्वतः डॉक्टर होता आणि स्वतःच्या झटक्यांची टिपणं लिहून ठेवत होता. त्या टिपणांमुळेच हा प्रकार नीट समजायला मदत झाली.

मोठ्या वयात असे झटके पहिल्यांदाच सुरू झाले तर मेंदूचा स्कॅन करावा लागतो. जुना मार, पक्षाघाताची खूण, गाठ किंवा आपल्या देशात नेहमी आढळणारी जंताची गाठ यांपैकी काही आहे का, हे पाहण्यासाठी. पट्टकृमीची अंडी दूषित पाणी, न धुतलेल्या भाज्या किंवा अस्वच्छ हातांतून पोटात जातात आणि अळी मेंदूत जाऊन बसते. शाकाहारी माणसालाही ती होऊ शकते. यावर औषध आहे.

एक दुर्मिळ प्रकारही डॉक्टरांना माहीत आहे. मेंदूतल्या या झटक्यामुळे काही सेकंद हृदयाचे ठोकेच थांबतात आणि माणूस भोवळ आल्यासारखा गळून पडतो. रोग मेंदूत, पडणं हृदयामुळे. इथे नुसता हृदयाचा रिपोर्ट किंवा नुसता मेंदूचा रिपोर्ट पुरत नाही. पोटातून काहीतरी चढत आलं आणि मग पडलो, हे रुग्णाने सांगितलं तरच दोन्ही धागे जुळतात.

हातपाय झाडले म्हणजे फिट नव्हे

‘पडल्यावर हातपाय झाडले, म्हणजे फिटच.’ हा समज गावात आहे आणि काही वेळा दवाखान्यातही. जर्मनीत थॉमस लेम्पर्ट आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. निरोगी तरुणांना मुद्दाम काही क्षण भोवळ आणून त्याचं व्हिडिओ चित्रण केलं. पूर्ण शुद्ध गेलेल्या ४२ जणांपैकी ३८ जणांचे हातपाय झटक्याने हलले. त्यातल्या अनेकांनी आवाज ऐकू आल्याचं, दृश्यं दिसल्याचंही सांगितलं. यातल्या कुणालाही फिटचा आजार नव्हता.

म्हणजे काही सेकंद अंग झटकलं एवढ्यावरून शिक्का मारता येत नाही. तसंच एखादं विचित्र दृश्य दिसलं म्हणून लगेच मेंदूचा रोगही ठरत नाही. सगळ्या खुणा एकत्र मांडाव्या लागतात. कॅनडाचे रॉबर्ट शेल्डन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अशा खुणांना गुण देण्याची पद्धत मांडली. उठल्यावर जीभ चावलेली असणं, आधी घडल्याचा भास, डोकं एका बाजूला वळणं, नंतरचा गोंधळ या खुणा फिटच्या बाजूने जातात. आधी घाम येणं, बराच वेळ उभं असणं, एरवीही अंधारी येत असणं या भोवळीच्या बाजूने. या गुणांमध्ये एकही मशीन नाही, सगळं विचारून कळणारं.

चुकीच्या शिक्क्याची किंमत मोठी असते. वर्षानुवर्षं नको त्या गोळ्या, नोकरीत अडचण, लग्नाच्या बोलण्यात कुजबुज. फेफरे हे विवाह नाकारण्याचं कारण हिंदू विवाह कायद्यातून १९९९ मध्येच काढून टाकलं गेलं, तरी समाजाच्या मनातून ते गेलेलं नाही. आणि उलट बाजूने, हृदयाची भोवळ फिट समजून गोळ्या चालू ठेवल्या तर किंमत जिवाने मोजावी लागू शकते.

इशाराच नाही, हाही इशारा

सर्वांत धोक्याची भोवळ बऱ्याचदा सर्वांत शांत असते. मळमळ नाही, घाम नाही. बोलता बोलता माणूस खाली, दात तुटलेले, कपाळ फुटलेलं, कारण हात टेकवायलाही वेळ मिळालेला नसतो. मिनिटभरात उठून म्हणतो, ‘मला काही झालं नाही.’ अशा वेळी हृदयाच्या ठोक्यांची गडबड आधी तपासावी लागते.

पुढीलपैकी एकही गोष्ट असेल तर उद्यावर ढकलू नये, त्याच दिवशी ईसीजी काढावा :

- चढ चढताना, पळताना, ओझं उचलताना शुद्ध गेली
- बसलेले किंवा झोपलेले असताना शुद्ध गेली
- पडण्याआधी छातीत धडधड, छातीत दुखणं किंवा दम लागणं
- काहीच इशारा न मिळता पडून जबर मार लागला
- हृदयाचा आजार आधीपासून आहे, किंवा घरात कुणी तरुण वयात अचानक दगावलं आहे
- आयुष्यात कधी नव्हतं असं एकदम तीव्र डोकं दुखलं, किंवा शौच डांबरासारखी काळी झाली
- पाळी चुकलेल्या बाईला पोटात दुखून भोवळ आली

शेवटच्या दोन ओळींत हृदयाचा दोष नसेलही, पण मेंदूत, पोटात किंवा गर्भनलिकेत रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते. त्यामुळे थांबायला वेळ नसतो.

साखर, गोळ्या, फवारणी आणि धसका

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला थरथर, घाम, भूक, चिडचिड आणि मग गुंगी आली तर ग्लुकोमीटरवर तेव्हाच साखर पाहावी. ७० च्या खाली असेल आणि माणूस गिळू शकत असेल तर लगेच साखर किंवा गूळ द्यावा. साखरेची गुंगी आडवं पडल्यावर आपोआप अर्ध्या मिनिटात उतरत नाही, हा फरक लक्षात ठेवावा. उपवासाच्या दिवशी गोळी तशीच घ्यायची की नाही, हे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावं.

गोळ्यांची पिशवी सोबत न्यावी. बीपीच्या, लघवी वाढवणाऱ्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्यांनी उभं राहिल्यावर रक्तदाब उतरू शकतो. काही अँटिबायोटिक आणि उलटीवरची औषधं काही माणसांत हृदयाचा ताल बिघडवतात. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्याही त्यात आल्या.

तुरीवर फवारणी करताना किंवा त्यानंतर काही तासांत तोंडाला लाळ, खूप घाम, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या बारीक, उलटी आणि मग गुंगी आली तर ती नुसती भोवळ नव्हे, विषबाधा आहे. कपडे काढून अंग धुवावं, मदत करणाऱ्याने हातमोजे घालावेत आणि औषधाचा डबा घेऊन थेट दवाखाना गाठावा.

धसक्याने, ताणाने जोरजोरात श्वास घेतला तर ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, हात आखडतात, डोकं हलकं होतं. काही जण मनावरच्या ओझ्यामुळे डोळे घट्ट मिटून बराच वेळ पडून राहतात. हे ‘नाटक’ नसतं, त्यावरही उपचार असतात. पण हा निष्कर्ष हृदय आणि मेंदू तपासल्यानंतरचा, आधीचा नव्हे. विशेषतः बायकांच्या बाबतीत ‘टेन्शन आहे’ म्हणून प्रकरण लवकर मिटवलं जातं.

पाहणाऱ्याची साक्ष

ज्याची शुद्ध गेली त्याला मधलं काही माहीत नसतं. म्हणून ज्याने पडताना पाहिलं, त्याला सोबत नेणं हे अर्धं काम. तो येऊ शकत नसेल तर दवाखान्यातून त्याला फोन लावून द्यावा. माणूस सुरक्षित असेल आणि दुसरं कुणी मदतीला असेल तर मोबाईलवर व्हिडिओ घ्यावा. तो डॉक्टरांना दाखवायचा, गावच्या ग्रुपवर टाकायचा नाही.

घरी गेल्यावर एका कागदावर एवढं लिहावं :

- वेळ, जागा, उभे होते, बसले होते की झोपले होते, पोटात काय होतं
- आधी काय वाटलं, त्याच क्रमाने, कितीही विचित्र असलं तरी
- चेहरा पांढरा पडला की निळसर झाला, डोळे उघडे की मिटलेले
- हातपाय हलले का, पडण्याआधीपासून की पडल्यानंतर, अंदाजे किती सेकंद
- जीभ चावली का, टोकाला की कडेला (कडेला खोल चावा फिटमध्ये जास्त)
- शुद्धीवर आल्यावर माणसं ओळखायला किती वेळ लागला
- असं याआधी किती वेळा झालं

लघवी सुटली होती का हेही सांगावं, पण ती भोवळीतही सुटते, म्हणून त्यावरून लाजू नये आणि निष्कर्षही काढू नये.

तपासण्या कोणत्या आणि कुठे

पहिल्या भेटीत चार गोष्टी पुरतात : सविस्तर विचारपूस, आडवं आणि उभं करून मोजलेला रक्तदाब, साखर व हिमोग्लोबिन आणि ईसीजी. यातलं महाग काही नाही. कर्नाटकात डॉ. पुनीत राजकुमार हृदय ज्योती योजनेतल्या तालुका रुग्णालयांतून ईसीजी तज्ज्ञांना पाठवण्याची सोय केली आहे. कलबुर्गीत जयदेव हृदयविज्ञान संस्थेच्या ३७१ खाटांच्या नव्या रुग्णालयाचं उद्घाटन डिसेंबर २०२४ मध्ये झालं. कलबुर्गीत ‘जिम्स’ हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. सोलापूरकडे जाणाऱ्यांसाठी तिथलं सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहे.

पुढच्या तपासण्या खुणा पाहून ठरतात. हृदयाचा संशय असेल तर इको आणि २४ तास ठोके नोंदवणारं होल्टर. महिन्यातून एखाद्या वेळीच त्रास होत असेल तर २४ तासांत काही सापडेलच असं नाही, मग जास्त दिवसांची नोंद घेतात. भोवळ पुन्हा पुन्हा येऊन उलगडा होत नसेल तर टेबलावर बांधून तिरकं उभं करण्याची ‘टिल्ट’ तपासणी असते. ती १९८६ पासून वापरात आहे. झटक्याचा संशय असेल तर ईईजी आणि एमआरआय.

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. त्रास नसताना काढलेला ईईजी नॉर्मल आला म्हणून फिट नाहीच, असं होत नाही. ईसीजी नॉर्मल आला म्हणून हृदय पूर्ण निर्धोक, असंही नाही. आणि प्रत्येक भोवळीला डोक्याचा स्कॅन लागतोच, असंही नाही. कुठली तपासणी करायची ते तुमच्या सांगण्यावरून ठरतं. अर्धवट सांगितलं तर भलतीच तपासणी होऊन पैसे जातात.

निदान होईपर्यंत गाडी, ट्रॅक्टर चालवू नये. विहिरीत पोहणं, उंचावर चढणं, एकट्याने पाण्याची मोटर सुरू करायला जाणं टाळावं. ड्रायव्हिंग लायसनच्या फॉर्म १ मध्येही फेफऱ्याबरोबरच कोणत्याही कारणाने अचानक शुद्ध जाते का, हे विचारलेलं असतं.

कांदा, चप्पल, किल्ली नको

कुणी कोसळलं तर पाठीवर आडवं करावं, पाय थोडे वर धरावेत, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, गर्दी हटवावी. अंग झाडत असेल किंवा उलटी होत असेल तर एका कुशीवर वळवावं. तोंडात पाणी, चमचा, बोट काहीही घालू नये. कांदा हुंगवणं, चप्पल नाकाला लावणं, हातात किल्ली देणं यांचा उपयोग नाही. तेवढ्यात झटका आपोआप थांबतो आणि श्रेय चपलेला मिळतं. शुद्ध नाही आणि श्वासही नीट चालत नसेल तर १०८ ला फोन करून छातीच्या मध्यभागी जोरात, भराभर दाबत राहावं. झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला तरीही १०८.

साध्या भोवळीचा इशारा मिळाला तर लाज न बाळगता तिथेच बसावं किंवा आडवं व्हावं. ते शक्य नसेल तर पायाला पायाची अढी घालून मांड्या आवळाव्यात, मुठी घट्ट कराव्यात. याने रक्तदाब थोडा वर येतो आणि खाली बसायला वेळ मिळतो.

राहता राहिला भानामतीचा विषय. आपल्या भागात तो अजून संपलेला नाही. श्रद्धा ज्याची त्याची, दर्शनाला कुणीही जावं. पण बाधा उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चटके, धुरी हे गुन्हे आहेत. महाराष्ट्रात २०१३ चा आणि कर्नाटकात २०१७ चा कायदा त्यासाठीच आहे. जळका वास येणाऱ्या, ‘हे आधी घडलंय’ म्हणणाऱ्या माणसाला आधी दवाखान्यात न्यावं.

पुढच्या वेळी घरात कुणी कोसळून उठलं की ‘काय खाल्लं होतंस?’ याच्याही आधी एक प्रश्न विचारा : ‘पडायच्या आधी काय वाटलं?’ उत्तर ऐकून हसू नका. जसंच्या तसं लिहून घ्या आणि तो कागद केसपेपरबरोबर डॉक्टरांच्या हातात द्या.